गाडीचा अलार्म सारखा वाजतोय? पहिल्यांदा गाडी घेतलेल्या कोल्हापूरकरांसाठी

गाडीचा अलार्म कारणाशिवाय वाजत नाही. बॉनेट उघडलं, दार उघडलं, कुणी धक्का दिला किंवा बॅटरी काढली, अशी काहीतरी खबर त्याला एखाद्या स्विचकडून किंवा वायरकडून मिळालेली असते. खबर खोटी असते, पण ती खोटी आहे हे कळायची सोय त्या पेटीत नाही. तेव्हा आपलं काम एकच, खोटी खबर कोण देतंय ते शोधायचं. ज्यांनी आजवर बॉनेटही उघडलेलं नाही, त्यांनाही जमेल अशा क्रमानं पुढचं लिहिलंय. आधी बिनखर्चाच्या गोष्टी, मग पाना लागणाऱ्या, आणि शेवटी वायरमनकडे न्यायच्या.

आधी आवाज थांबवा

मंगळवार पेठेत किंवा शिवाजी पेठेत घराला घर लागून आहे. बोळात रात्री दोन वाजता सायरन सुरू झाला की एका गाडीपायी सगळी गल्ली उठते. त्यात कुणाकडे तान्हं बाळ असतं, कुणाकडे आजारी माणूस. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि गाडीचा सायरन जवळून शंभराच्या पुढे जातो. त्यामुळे कारण शोधणं सकाळी, आत्ता फक्त आवाज बंद.

रिमोटचं अनलॉक बटण दाबा. ऐकत नसेल तर गाडीजवळ जाऊन पुन्हा दाबा. तरीही नाही, तर किल्लीनं दार उघडा, आत बसा, किल्ली लावून इग्निशन चालू करा. कंपनीचा अलार्म असलेल्या बहुतेक गाड्या आपली किल्ली ओळखली की गप्प होतात. बटणावर सुरू होणारी गाडी असेल आणि रिमोटचा सेल संपला असेल, तर रिमोट त्या स्टार्ट बटणालाच टेकवून ब्रेक दाबत सुरू करायची सोय बऱ्याच गाड्यांत असते. काही गाड्यांत रिमोट ठेवायची जागा वेगळी असते. ती कुठं आहे हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात दिवसा बघून ठेवा. अंधारात, सायरन कानाशी वाजत असताना पान सापडत नाही.

यातलं काहीच चाललं नाही तर बॅटरीची निगेटिव्ह, म्हणजे वजा खूण असलेली वायर सोडवायची. बहुतेक छोट्या गाड्यांत तिला दहा नंबरचा पाना लागतो. इग्निशन बंद ठेवा, किल्ली हातात ठेवा (दारं आपोआप लॉक होऊ शकतात) आणि पाना बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला किंवा पत्र्याला टेकू देऊ नका. एक गोष्ट ध्यानात असू द्या. काही सायरनच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते. मुख्य वायर काढली की ते उलट जोरात वाजतात, कारण चोर नेमकं हेच करतो. अशा सायरनवर बंद करायची बारीक किल्लीची जागा असते. ती किल्ली गाडी घेताना मिळालेल्या पाकिटात शोधा आणि हॉलमधल्या खुंटीला अडकवून ठेवा.

दोष गाडीचा की आपल्या सवयीचा?

नव्या गाडीवाल्यांच्या बऱ्याच तक्रारी इथंच मिटतात, म्हणून जरा थांबून वाचा.

अंबाबाईच्या दर्शनाला सगळे निघालात, गाडी बिंदू चौकाच्या पार्किंगला लावलीत. आजींचे गुडघे दुखतात, त्या म्हणाल्या, "मी बसते गाडीत, तुम्ही या जाऊन." तुम्ही सवयीनं रिमोटनं लॉक केलंत. थोड्या वेळानं आजींना उकडलं, त्यांनी आतून दार उघडलं, आणि सायरन सुरू. अलार्मच्या दृष्टीनं रिमोटनं लॉक केलेल्या गाडीचं दार रिमोटशिवाय उघडलं, एवढंच घडलेलं असतं. माणूस आत ठेवून जायचं असेल तर रिमोटनं लॉक करू नका, आतल्या माणसाला आतून खटका दाबायला सांगा. शिवाय उन्हात काचा बंद करून लहान मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला गाडीत ठेवणं जिवावर बेतू शकतं, ते अलार्म नसलेल्या गाडीतही करू नये.

रिमोटनं लॉक करून किल्लीनं उघडणं हे दुसरं कारण. घरात दोन किल्ल्या असतात, एक रिमोटची, एक साधी. वडील रिमोटनं लावतात, मुलगा साध्या किल्लीनं उघडतो. ज्यानं लावलं त्यानंच उघडायचं, असा घरात नियम केला तरी पुरतं.

तिसरं, पावसाळ्यात वाफ धरू नये म्हणून काच बोटभर खाली ठेवणं. महागड्या गाड्यांत केबिनमधली हालचाल टिपणारा सेन्सर असतो. वारा आत शिरला, आरशाला लटकवलेली माळ हलली, तरी तो खबर देतो.

वाजण्याच्या वेळा लिहून ठेवा

कुठल्याही पान्याला हात लावायच्या आधी चार-आठ दिवस मोबाइलमध्ये टिपत जा. कधी वाजला, गाडी कुठं होती, पाऊस होता का, त्या दिवशी गाडी धुतली होती का, आदल्या दिवशी कितीशी चालवली होती. ही नोंद म्हणजे निम्मं निदान, आणि चांगला वायरमनही पहिल्यांदा हेच विचारतो.

थंडीतल्या पहाटे वाजत असेल, किंवा गाडी तीन-चार दिवस उभी राहिल्यावर, तर बॅटरीवर संशय घ्या. पावसानंतर किंवा वॉशिंग सेंटरवरून आणल्यावर वाजत असेल तर बॉनेटचा किंवा दाराचा स्विच. लॉक केल्यावर अर्ध्या-एक मिनिटात दर वेळी न चुकता वाजत असेल, तर कुठला तरी स्विच कायमच 'उघडं आहे' म्हणतोय. हा दोष सापडायला सगळ्यात सोपा. एकाच जागी लावल्यावर वाजत असेल आणि दुसरीकडे नाही, तर धक्क्याचा सेन्सर आणि त्या जागेची हादरे देणारी वाहतूक.

आणखी एक खूण. बाहेरून बसवलेल्या पुष्कळ अलार्ममध्ये, मागं वाजून गेला असेल तर रिमोटनं उघडताना नेहमीपेक्षा वेगळे बीप येतात, किंवा डॅशबोर्डवरचा बारका दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. ते बीप मोजा. कुठल्या आकड्याला दार आणि कुठल्या आकड्याला धक्का, हे त्या अलार्मच्या कागदावर छापलेलं असतं.

इथंच अलार्म कंपनीचा आहे की बाहेरचा, हेही ठरवून टाका. खालच्या मॉडेलची गाडी घेऊन सेंटर लॉक आणि अलार्म अॅक्सेसरीजच्या दुकानातून बसवून घ्यायची आपल्याकडे रीत आहे. किल्लीच्या जुडग्यात वेगळा रिमोट असेल, काचेजवळ चिकटवलेला निळा-लाल दिवा असेल, बॉनेटमध्ये कर्ण्यासारखा काळा सायरन स्क्रूनं लावलेला असेल, तर तो बाहेरचा.

दोन बॅटऱ्या

आधी रिमोटची. पुष्कळ रिमोटमध्ये सीआर २०३२ हा नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल असतो, पण आपल्यातला काढून त्यावरचा आकडा बघूनच घ्या. सेल उतरत आला की रिमोटचं लॉक-अनलॉक कधी गाडीपर्यंत पोचतं, कधी नाही, आणि अलार्म चालू आहे की बंद याचा आपलाच गोंधळ उडतो. घड्याळाच्या दुकानात मिळतो, तिथंच बसवून घ्या.

आता गाडीची. मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं छोटं यंत्र, स्वस्तात मिळतो आणि तो प्रत्येक गाडीवाल्याच्या घरात असावा, असं माझं ठाम मत आहे. गाडी रात्रभर उभी राहू द्या, सकाळी सुरू करायच्या आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे चार्जिंग तरी कमी पडतंय किंवा बॅटरीनं मान टाकलीय. मग गाडी सुरू करून पुन्हा मोजा. साधारण १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे. तेवढं येत नसेल तर नवी बॅटरी घालूनही उपयोग नाही, अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) दाखवा. काही नव्या गाड्या बॅटरी भरलेली असली की मुद्दाम चार्जिंग कमी करतात, म्हणून नव्या गाडीत एकाच वाचनावर निकाल देऊ नका.

व्होल्टेज पडलं की अलार्मला वाटतं कुणी वायर काढतंय. तो वाजतो, वाजण्यात बॅटरी आणखी उतरते, आणि मग पुन्हा वाजतो. म्हणून बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल आणि अलार्म पहाटे वाजत असेल, तर बाकी कशाला हात लावायच्या आधी ती तपासा. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशनं घासा, कोरडं करा, क्लॅम्प घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. वायर काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

बॉनेटचा स्विच

कोल्हापूरच्या पावसात मी सगळ्यात आधी ज्याच्याकडे बघतो तो हा. जून ते सप्टेंबर गाडी ओली, त्यात गगनबावडा नाहीतर राधानगरीकडे एक फेरी झाली की चिखलाचं पाणी थेट पुढच्या जाळीतून आत. हा स्विच बसलेला असतो तिथंच, बॉनेटच्या कुलपाजवळ. काही गाड्यांत तो कुलपाच्या आतच असतो, काहींत रबरी टोपीची दाबायची पिन असते, आणि खालच्या मॉडेलमध्ये कधी कधी नसतोच.

बॉनेट उघडा आणि कुलपापाशी जाणारी दोन वायरांची बारकी जोडणी शोधा. पिन असेल तर बोटानं दाबून सोडा. ती सरळ वर आली पाहिजे. अडकत असेल, गंजली असेल, तर तिथंच गुन्हेगार सापडला. जोडणी सोडवून आत हिरवट गंज किंवा पाणी आहे का बघा. कॉन्टॅक्ट क्लीनरचा (वायरच्या जोडण्या साफ करायच्या स्प्रेचा) फवारा मारा, पूर्ण वाळू द्या, पुन्हा बसवा. मल्टिमीटर असेल तर स्विचच्या दोन टोकांवर लावून दाबा आणि सोडा. दोन्ही वेळी वाचन वेगळं यायला हवं. दाबूनही बदलत नसेल तर स्विच बदलायचा. ही महागडी वस्तू नाही, पण स्विच कुलपात असेल तर पुष्कळदा पूर्ण कुलूपच घ्यावं लागतं.

स्विच चांगला असून वाजत असेल तर बॉनेट नीट बसतंय का बघा. पुढून ठोकर लागून डेंटिंग केलेल्या गाडीत बॉनेट दोन-तीन मिलिमीटर वर राहतं. डोळ्याला दिसत नाही, पण पिन पुरती दाबली जात नाही. बॉनेटखाली दोन्ही कोपऱ्यांना फिरवता येणारे रबरी ठोकळे असतात. थोडे आत फिरवले की बॉनेट खाली बसतं. नुसतं ढकलून बॉनेट लावायची सवय असेल तर तीही सोडा. हातभर उंचीवरून सोडून दिलं की पक्कं लागतं.

खात्री करायची असेल आणि अलार्म बाहेरचा असेल, तर बॉनेट स्विचची वायर एका रात्रीपुरती सोडवून टोकाला टेप लावा. रात्र शांत गेली तर निदान पक्कं. कंपनीच्या अलार्ममध्ये हा प्रयोग करू नका, काही गाड्या तुटलेली जोडणीच 'बॉनेट उघडं' अशी वाचतात.

दारं आणि डिकी

अंधार पडल्यावर आतला दिवा 'डोअर' खुणेवर ठेवा, सगळी दारं लावा, बाहेरून एकेक दार तळहातानं आत-बाहेर हलवा. दिवा क्षणभर जरी लुकलुकला तरी ते दार पकडलं. डिकी विसरू नका. आठवडी बाजारातून आणलेलं पोतं कोंबून डिकी लावली की ती वरून बसल्यासारखी वाटते, आत अर्धीच लागलेली असते. जुन्या गाड्यांत दाराच्या खांबावर रबरी बटण असतं, ते पुसून बघा. नव्या गाड्यांत स्विच दाराच्या कुलपात असतो. तिथं आधी धूळ काढा, मग पातळ ग्रीस.

धक्क्याचा सेन्सर

बाहेरच्या अलार्ममध्ये डॅशबोर्डच्या खाली एक काडेपेटीएवढी डबी असते, तिच्यावर बारक्या स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचं बटण. दुकानदार बसवताना बहुतेकदा तो कडक ठेवतो, कारण गिऱ्हाइकाला टिचकी मारून दाखवायचं असतं. तोच कडकपणा नंतर त्रास देतो. मांजरानं बॉनेटवर उडी मारली तरी सायरन.

शिवाय आपल्या गावाचे हादरे वेगळेच. गळीत हंगामात रात्रभर ऊस भरलेल्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, पुंगळी काढलेल्या बुलेट, दिवाळीतले सुतळी बॉम्ब. ज्याची गाडी हमरस्त्याला लागून उभी राहते, त्यानं सेन्सर थोडा मऊ ठेवणंच शहाणपणाचं.

पद्धत अशी. आधी डबी घट्ट बसलीय का बघा. लोंबकळणारी डबी स्वतःच हादरते, आणि मग कितीही फिरवा, फरक पडत नाही. पट्टीनं मजबूत भागाला आवळा. मग बटण वजा खुणेकडे अगदी थोडं फिरवा, गाडी लॉक करा, अलार्म पूर्ण चालू व्हायला एखादं मिनिट द्या, आणि काचेशेजारच्या खांबावर मुठीच्या मऊ बाजूनं मारा. काचेवर मारू नका. हलक्या थापेला गप्प आणि जोराच्या धक्क्याला आवाज, एवढं जमलं की थांबा. बटण पार शेवटपर्यंत फिरवून ठेवलं तर काच फुटली तरी तो बोलणार नाही.

गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीची गोष्ट निराळी. महाद्वार रोडवर डॉल्बीच्या ठोक्यानं माणसाची छाती हादरते, तिथं नीट लावलेला सेन्सरही वाजणारच. त्या दिवशी गाडी मिरवणुकीच्या मार्गापासून लांब लावा. अलार्मला व्हॅले बटण असेल, म्हणजे अलार्म तात्पुरता झोपवून फक्त लॉक चालू ठेवणारं, तर ते वापरा आणि दुसऱ्या दिवशी आठवणीनं पुन्हा जागं करा.

उंदीर, घुशी आणि पुराचं पाणी

पावसाळ्यात उंदराला कोरडी, उबदार जागा हवी असते, आणि नुकतीच उभी केलेली गाडी त्याला आवडते. मार्केट यार्ड, लक्ष्मीपुरीसारख्या धान्या-गुळाच्या वस्तीत जास्तच. इंजिनच्या कोपऱ्यांत लेंड्या, शेंगांची टरफलं, कुरतडलेली वायर दिसते का ते टॉर्चनं बघा. अर्धवट सोललेली वायर कोरडी असताना गप्प असते आणि ओली झाली की पत्र्याला टेकून खोटी खबर देते, म्हणून हा दोष येतो-जातो. निपाणीचा तंबाखू बॉनेटमध्ये ठेवायचा उपाय आपल्याकडे पुष्कळ जण करतात. वास उडेपर्यंत थोडाफार उपयोग होत असेल, पण तो सायलेन्सरच्या नळीजवळ किंवा इंजिनच्या पट्ट्याजवळ ठेवू नका, पेट घेऊ शकतो. त्यापेक्षा गाडीत खाऊचे पुडे न ठेवणं आणि दर दोन दिवसांनी बॉनेट उघडून बघणं जास्त कामाचं.

जुनी गाडी घेतली असेल तर आणखी एक तपासणी करा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. त्यातल्या काही नुसत्या धुवून पुसून विकल्या गेल्या असू शकतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, टोकाला मातकट रेघ आहे का बघा. पायाखालचं कार्पेट उचलून वास घ्या, सीटखालच्या जोडण्या हिरव्या पडल्यात का बघा. तसं सापडलं तर एकेक स्विच शोधत बसू नका. दोष एका जागी नसतो, सगळ्या जोडण्या उघडून साफ कराव्या लागतात. ते काम वायरमनचं.

वायरमनकडे जाताना

शिवाजी उद्यमनगरात ऑटो इलेक्ट्रिशियनची कमी नाही. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र आधी कंपनीच्या वर्कशॉपला न्या. बाहेर वायर कापली की पुढं दाव्याच्या वेळी वाद होतो. शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांत शेवटी अलार्म कशामुळे वाजला याची नोंद गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये राहते, ती कंपनीच्या स्कॅनरवर बघायला सांगा.

उद्यमनगरात गेलात तर टिपलेल्या वेळा वाचून दाखवा. "मिस्त्री, पाऊस झाला की पहाटे वाजतोय, बॅटरी साडेबारा दाखवतीय, दारं तपासलीत" एवढं सांगितलंत की माणूस थेट मुद्द्यावर येतो. जोड नुसते पिळून टेप गुंडाळलेले नकोत, सोल्डर करून वर गरम केल्यावर आकसणारी नळी घाला, असं आधीच सांगा. पावसात टेप सुटतो आणि तोच दोष पुढच्या वर्षी परत येतो. काढलेला जुना स्विच मागून घ्या. आणि "सायरनची वायरच कापतो की, कटकट नको" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. आवाज जाईल, पण खोटी खबर देणारी वायर तशीच राहील, ती बॅटरी उतरवत राहील, आणि खरंच कुणी दार उघडलं तर तुम्हाला कळणार नाही.

दुरुस्ती झाल्यावर पैसे द्यायच्या आधी तिथंच परीक्षा घ्या. चालकाची काच खाली ठेवून गाडी रिमोटनं लॉक करा, मिनिटभर थांबा, मग काचेतून हात घालून आतून दार उघडा. वाजला पाहिजे. पुन्हा लॉक करून तसाच हात घालून बॉनेटचा खटका ओढा. बॉनेटला स्विच असेल तर तिथंही वाजला पाहिजे. मग काच वर घेऊन, लॉक करून, मिस्त्रींबरोबर चहा होईपर्यंत गाडी तशीच उभी ठेवा. तेवढ्यात गप्प राहिली तर घरी आणा, आणि त्या रात्री बॉनेटवर बादलीभर पाणी ओतून बघा.